तेराव्याला काय करायचं?

"काय करायचं रं तुझ्या तेराव्याला?"

खांबाच्या बुडाशी उभ्या इलाही चाचांनी हे विचारलं तेव्हा मला नोकरीला लागून जेमतेम तीन दिवस झाले होते. वर चढायला निघालेला भगवान घुटुकडे कमरेचा पट्टा आवळत होता. त्यानं मानसुद्धा वर केली नाही.

"गव्हाची खीर," तो म्हणाला. "वेलदोडे जरा सढळ हातानं घाला. माझी सासू येणार हाय."

"जेवंल का ती?"

"दोनदा घेईल. लग्न झाल्यापास्नं वाट बघतीया."

गँगची बाकीची माणसं खो-खो हसली, जीपचा ड्रायव्हरसुद्धा हसला, आणि भगवान सरसर वर गेला. मी हातातली फाइल छातीशी धरून उभी होते. मला हसू आलं नाही. आणि का आलं नाही हे त्या माणसांना सांगायची माझी मुळीच इच्छा नव्हती.

सत्त्याण्णव सालची गोष्ट. मी चोवीस वर्षांची, नवी कोरी कनिष्ठ अभियंता. बोरखिंडीचं सबस्टेशन म्हणजे पठारावरची एक पिवळी इमारत, भोवती तारेचं कुंपण, आणि बारा महिने वारा. पहिल्या आठवड्यातच मला कळून चुकलं की इथं कागद टेबलावर टिकत नाही आणि माणूस जागेवर टिकत नाही. मी तर मुळातच चुळबुळी. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी. टेलिफोन वाजला की मी तीन खोल्या ओलांडून धावायची, आणि नाही वाजला की का वाजत नाही म्हणून अस्वस्थ व्हायची.

इलाही मुलाणी हे तिथले मुख्य लाईनमन. चौपन्न वर्षांचे, उंच, सुकलेले, डोक्याला मफलर. सगळे त्यांना चाचा म्हणायचे, तशी मीही म्हणू लागले. त्यांच्या गँगचा रिवाज असा की कुणीही खांबावर चढण्याआधी चाचा हा एकच प्रश्न विचारणार, आणि चढणाऱ्यानं स्वतःच्या तेराव्याच्या जेवणातला एक पदार्थ सांगायचा. पदार्थ नवा पाहिजे. काल सांगितलेला, परवा सांगितलेला चालायचा नाही. कुणाला सुचलाच नाही, तर त्यानं पट्टा सोडायचा आणि सगळ्यांसाठी चहा टाकायचा. वर दुसरा जाणार. चाचा स्वतः चढायचे तेव्हा बाकीचे त्यांना 'चाळिसाव्याला काय?' असं विचारायचे, कारण त्यांच्यात तेरावं नसतं. तेवढं भान सगळ्यांना असायचं.

मला हा निव्वळ टारगटपणा वाटला. खेड्यातल्या रिकामटेकड्या माणसांचा, मरणाला न भिण्याचा आव आणणारा टारगटपणा.

त्याच दिवशी आणखी एक झालं. वर असताना भगवानचा पाय जरासा सटकला आणि मी किंचाळले. तो सावरला, काम करून खाली आला. चाचा मला चार पावलं बाजूला घेऊन गेले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, माणूस वर असताना कधी ओरडायचं न्हाई. दचकला की हाताला येईल ते धरतो. आणि वर हाताला काय येतं, ते शिकूनच तुमी आलायसा."

मी मान हलवली. राग आला होता, पण बोलणं खरं होतं.

भगवान घुटुकडे बत्तीस वर्षांचा. गँगमधला सगळ्यात हुशार आणि सगळ्यात वात्रट. मला सगळा परिसर त्यानंच दाखवला. खिंडीपलीकडच्या माळावर दोन लाईनी शेजारी शेजारी जातात, एक गावांची आणि एक तालुक्याच्या पाणीपुरवठ्याची. प्रत्येक लाईनीचे नंबर आपापले, पण योगायोग असा की दोन्हींचा सत्तेचाळीस नंबरचा खांब बरोबर एकमेकांशेजारी आलाय, मध्ये पंधरा-वीस फुटांचं अंतर. "नीट बघून ठेवा, मॅडम," भगवान म्हणाला होता. "इथं दोन सत्तेचाळीस हाईत. एकावर काम, दुसऱ्यावर काम तमाम." आणि स्वतःच मोठ्यानं हसला होता.

पंधरा दिवस मी तो प्रश्न ऐकला. पुरणपोळी, शेवयाची खीर, आमरस ("आंब्याच्या दिवसात मरायला लागंल मग." "मरतो की, घाई काय हाय?"). सोळाव्या दिवशी मी ऑफिस ऑर्डर टाइप करून घेतली. 'कामाच्या ठिकाणी मृत्यूविषयी कोणत्याही प्रकारची थट्टा करू नये. केल्यास कारवाई करण्यात येईल.' शॉक लागल्यास करावयाच्या प्रथमोपचारांचा तक्ता भिंतीवर होता, त्याच्या शेजारी ती चिकटवली.

चाचांनी ती उभ्या उभ्या वाचली, चष्मा काढून पुसला, परत वाचली.

"मग आमी इचारायचं काय, मॅडम?"

"विचारा, तयार आहेस का. तो म्हणेल तयार आहे. झालं."

"बरं," चाचा म्हणाले. मला वाटलं होतं, वाद घालतील. मी वादाची तयारी करून बसले होते, उत्तरंही जुळवली होती. ती तशीच राहिली.

त्यानंतर साइटवर शांतता झाली. "तयार?" "तयार." चढले, उतरले, जीपमध्ये बसले. मी स्वतःला समजावत होते की आता शिस्त आली. पण त्या शांततेनं माझी चुळबुळ आणखी वाढली. माणसं कामापुरतं बोलायची आणि मी खोलीत गेले की गप्प व्हायची. जेवणाचे डबेसुद्धा त्यांनी बाहेर, बॅटरीरूमच्या पायरीवर नेले.

आषाढातला एक बुधवार. रात्रभर वाऱ्यानं झोडपलं होतं आणि सकाळी सहालाच गावांची लाईन ट्रिप होऊन बंद पडली. फोन सुरू झाले. दूध संकलन केंद्र, पिठाच्या गिरण्या, तीन सरपंच, मग तिसऱ्या सरपंचाचा मेहुणा. मी एका कानाला फोन आणि दुसऱ्याला वायरलेस लावून खोलीत येरझारा घालत होते. तेवढ्यात भगवान दारात येऊन उभा राहिला. डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली.

"मॅडम, दोन दिवस रजा पायजे हुती."

"आषाढात रजा नाही," मी म्हणाले. मी त्याच्याकडे धड बघितलंसुद्धा नाही. "लाईन बंद पडलीय, दिसत नाही का घुटुकडे तुम्हाला?"

तो गेला. कशासाठी हवी होती, हे मी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

दहाच्या सुमाराला दोष सापडला. सत्तेचाळीस नंबरच्या खांबावरचा चिनीमातीचा इन्सुलेटर तडकला होता. मी गावांच्या लाईनीचं परमिट, म्हणजे ती बंद ठेवून काम करायची लेखी परवानगी, घेतलं. पाणीपुरवठ्याची लाईन चालूच ठेवली. नेहमी तशीच ठेवत, असं मी मनाला सांगितलं, आणि तिकडूनही कुणी फोन केला तर मला वेड लागेल हेही त्यात होतंच.

माळावर वारा एवढा होता की जीपचं दार उघडायला दोघं लागले. चाचा अर्थिंगची साखळी घेऊन अलीकडच्या खांबाकडे चालू लागले. लाईन मेली आहे याची खात्री करून ती तिथं जमिनीशी जोडायची, मगच काम. बाकी दोघं त्यांच्या मदतीला गेले. जाता जाता चाचांनी मागं वळून विचारलं, "तयार?"

"तयार," भगवान म्हणाला आणि पट्टा आवळत निघाला.

मी जीपजवळ. ड्रायव्हर विडी पेटवायच्या खटपटीत होता आणि वारा काडी टिकू देत नव्हता. वायरलेसवर सबस्टेशनचा ऑपरेटर विचारत होता, किती वेळ लागेल, फोन थांबत नाहीत. मी अर्धा तास म्हणाले, मग वीस मिनिटं म्हणाले. उगाच तीन पावलं पुढं गेले, तीन मागं आले. चाचांकडे पाहिलं. ते साखळी अडकवत होते, डावीकडच्या रांगेत, पाठमोरे. भगवानकडे पाहिलं. तो निम्म्याच्या वर चढला होता.

परत चाचांकडे पाहिलं. डावी रांग.

परत भगवानकडे. तो उजव्या रांगेत होता.

हे लिहायला जेवढा वेळ लागला तेवढाही तेव्हा लागला नसेल, पण माझ्या डोक्यात ते उतरेना. सत्तेचाळीसच आहे की, मी स्वतःशी म्हणत होते, खांबावर आकडा दिसतोय, सत्तेचाळीसच आहे. आणि मग कळलं. तो पाणीपुरवठ्याचा सत्तेचाळीस होता. अकरा हजार व्होल्ट, चालू. दोन सत्तेचाळीस आहेत असं मला सांगणारा माणूसच त्यावर चढला होता.

भगवाननं वर पोचून पट्टा खांबाभोवती टाकला. एका हातानं पक्कड काढली. तार त्याच्या डोक्यापासून हातभर वर.

माझ्या घशात किंकाळी आली होती, अगदी दातांपर्यंत. 'दचकला की हाताला येईल ते धरतो.' मी ती गिळली. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि असं बोलायला हवं होतं की तो दचकणार नाही, पण थांबेल. 'उतर' म्हटलं असतं तर 'का?' म्हणून त्यानं हात हलवला असता. 'लाईन चालू आहे' म्हटलं असतं तर त्यानं वर बघितलं असतं. मी खांबाखाली गेले. रोजच्या आवाजात, चाचांच्या त्या आळसावलेल्या सुरात, वाऱ्यावरून ऐकू जाईल एवढंच मोठ्यानं मी म्हणाले,

"भगवान, काय करायचं रे तुझ्या तेराव्याला?"

आजवर मी त्याला घुटुकडे म्हणत आले होते, अहो-जाहो करत. तो प्रश्न मात्र तसा विचारता येत नाही.

पक्कड धरलेला हात तिथल्या तिथं थांबला. त्यानं मान खाली करून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिला. मी वर तोंड करून उभी, चेहऱ्यावर हसू ओढूनताणून आणलेलं, आणि मनात एकच, हात वर नेऊ नकोस, बाबा, हात वर नेऊ नकोस.

"सुचंना, मॅडम," तो शेवटी म्हणाला.

"मग उतर. चहा टाक."

त्यानं पक्कड खिशात घातली, पट्टा सोडला आणि एकेक पाऊल टाकत खाली आला. का म्हणून विचारलं नाही. सुचलं नाही तर उतरायचं, हे त्याच्या अंगात सहा वर्षं मुरलेलं होतं. माझ्या पंधरा दिवसांच्या ऑर्डरनं ते निघालं नव्हतं. त्याचे दोन्ही पाय जमिनीला लागल्यावर मी त्याचा दंड धरला आणि दुसऱ्या हातानं शेजारच्या रांगेकडे, साखळी अडकवून परत येणाऱ्या चाचांकडे बोट दाखवलं.

भगवाननं तिकडं बघितलं. मग ज्या खांबावरून उतरला त्याकडे बघितलं. आणि मटकन खाली बसला. मीही बसले.

चाचा आले, सगळं एका नजरेत समजले. रागावले नाहीत. त्याच्यापुढं उकिडवे बसून त्यांनी एवढंच विचारलं, "घरी काय झालंय?"

मग ते बाहेर आलं. त्याची सहा वर्षांची मुलगी, राणी, तापानं फणफणलेली मिरजेला दवाखान्यात होती. तीन दिवस पोरीनं डोळे धड उघडले नव्हते. बायको तिथं एकटी. हा रात्री तिच्या उशाशी बसून पहाटेच्या गाडीनं कामावर यायचा. तीन रात्री झोप नव्हती.

"बोलला का न्हाईस?" चाचांनी विचारलं.

"कुणी इचारलंच न्हाई," भगवान म्हणाला. त्याचा रोख माझ्यावर नव्हता. तरी ते मला लागायचं तिथं लागलं.

मी त्याला तिथल्या तिथं जीपमध्ये घातलं आणि मिरजेला पाठवलं. वायरलेसवर सांगितलं, दोन तास लागतील, फोन उचलू नका, आणि पाणीपुरवठ्याची लाईनही बंद करा, मी सांगतेय म्हणून करा. चाचा स्वतः पट्टा बांधू लागले. गावांच्या खांबाला हात लावून ते थांबले आणि माझ्याकडे पाहत राहिले. बाकीचे दोघंही माझ्याकडे पाहू लागले. मला कळायला जरा वेळ लागला.

"चाळिसाव्याला काय, चाचा?"

"बिर्याणी," चाचा म्हणाले. "तुमच्या त्या हापिस ऑर्डरीच्या जाळावर. कागद कमी पडला तर अजून चार टाइप करा."

ते चढले. मी तेव्हाही हसले नाही, पण हसू जवळपास कुठंतरी होतं.

काम उरकल्यावर जीप यायची होती, म्हणून आम्ही खांबांच्या आडोशाला बसलो. थर्मासमधला चहा कपात ओतला की वारा त्यावर माती टाकत होता. चाचांनी न विचारता सांगायला सुरुवात केली.

"तुमच्या आधी सहा वर्सं. विलास ऐवळे म्हणून हुता. तवा नवं-जुनं असला काय नेम न्हवता, नुसती गंमत हुती. सोमवारी मी इचारलं, म्हणाला जिलेबी. मंगळवारी इचारलं, परत जिलेबी. माझ्या मनात आलं, एवढा तल्लख गडी, कालचंच का सांगतोय? आलं मनात, आणि सोडून दिलं. गेला वर."

ते थांबले. कपातली माती त्यांनी बोटानं काढली.

"त्याच्या बायकोनं तेराव्याला जिलेबीच केली. तिला बिचारीला काय ठाऊक? आमी सगळे पंगतीत बसलेलो. एकाच्याबी घशाखाली उतरंना. तवापास्नं नवंच पायजे. नवं सुचायला डोकं जाग्यावर लागतं, मॅडम. 'तयार' म्हणायला काय लागतंय? मढंबी म्हणंल."

"मला आधी का नाही सांगितलंत?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. "मी ऑर्डर लावली तेव्हा का गप्प बसलात?"

"चुकलंच माझं," चाचा म्हणाले. "पण तुमी तवा चिडला असता तर सांगितलं असतं. तुमी चिडला न्हवता. पहिल्यांदा ऐकलं तवाच तुमी पांढऱ्याफटक पडला हुता. म्हटलं, हिच्या घरी ताजं काहीतरी हाय, आपण कशाला त्यावर बोट ठेवा. कोण गेलं?"

चार महिने मी हे कुणापाशी बोलले नव्हते. "वडील," मी म्हणाले. "फाल्गुनात. शिंपी होते. मशीनवर बसल्या बसल्याच गेले."

"तेराव्याला काय हुतं?"

दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मी उठून गेले असते.

"श्रीखंड-पुरी. आणि वांग्याची भाजी." मी बोलत गेले. "भाजीत मीठच नव्हतं, चाचा. आचारी विसरला. शंभर माणसं पंगतीला, सगळ्यांच्या लक्षात आलेलं, आणि एक जण बोलेना. सगळे माना खाली घालून अळणी भाजी खातायत. आणि माझे वडील म्हणजे... मीठ चिमटीभर कमी पडलं तरी ताट सरकवायचे. आईला जन्मभर छळलं त्यांनी त्या मिठावरून. मला वाटलं, आत्ता फोटोतून उठतात आणि ताट भिरकावतात. मला हसू आलं. वडिलांच्या तेराव्याला मला हसू आलं, चाचा. मी तोंडात पदर कोंबून मोरीत जाऊन बसले. तेव्हापासून मला माझीच किळस वाटते."

चाचांचे खांदे हलू लागले. मला आधी वाटलं, ठसका लागला. ते हसत होते. "सगळी पंगत अळणी," ते म्हणाले, "आणि ज्याला कळायचं त्योच न्हाई," आणि डोळे पुसायला लागले. बाकीचे दोघं माझ्याकडे भीत भीत बघत होते, की मॅडमला चालतंय का. आणि मी हसले. हसत सुटले, पोट धरून, आणि मग कधीतरी त्याचं रडं झालं. पहिल्यांदाच रडले मी, माळावर, तीन लाईनमनांसमोर. कुणी मला गप्प केलं नाही.

राणी वाचली. पाचव्या दिवशी ताप उतरला आणि सातव्या दिवशी भगवान कामावर आला, दाढी करून. प्रथमोपचाराच्या तक्त्याशेजारी भिंतीवर चौकोनी डाग राहिला होता. तो त्यानं पाहिला आणि पट्टा उचलला.

काम गावातल्याच खांबावर होतं, साधं. चाचा बुडाशी उभे राहिले. मी त्यांच्या शेजारी. वारा तसाच होता.

"काय करायचं रं तुझ्या तेराव्याला?"

भगवाननं पट्टा आवळला, माझ्याकडे तिरक्या नजरेनं पाहिलं आणि म्हणाला, "वांग्याची भाजी."

म्हणजे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. चाचासुद्धा जमिनीकडे बघू लागले.

"चढ," मी म्हणाले. "मीठ मी बघते."